दुसरी वाटी

आधी आंघोळ, मग तेल, मग तांबडी पूड. आईचं चाललं होतं आणि केहिंदे उंबऱ्याला टेकून बघत होती. वयाची चाळिशी आली, तरी हे बघताना तिच्या पोटात दुखायचं ते दुखायचंच.

वीतभर उंचीची लाकडी तायवो, केहिंदेच्या मेलेल्या जुळ्या बहिणीची बाहुली, आईच्या मांडीवर पडली होती. जुळ्यातलं एक मूल गेलं की त्याची अशी बाहुली घडवून घ्यायची आणि जिवंत लेकरासारखी सांभाळायची, नाहीतर गेलेलं मूल मागे राहिलेल्यालाही ओढून नेतं. इला गावात अशी दहा घरं होती. पण धुऊन, पुसून, चोळून इतकं झिजलेलं तोंड कुणाच्याच बाहुलीचं नव्हतं. तायवोचं नाक गेलं होतं. डोळ्यांच्या जागी नुसता गुळगुळीतपणा उरला होता.

आईला मोतीबिंदूमुळे दिसत नव्हतं. ती बोटांनीच बघायची, आणि तिची बोटं सारा दिवस त्याच तोंडावर फिरायची.

मग आईने चाचपडत चवळीच्या दोन वाट्या भरल्या, वर पामतेल सोडलं आणि दोन्ही वाट्या बाहुलीपुढे ठेवल्या. थोड्या वेळाने त्यातली एक केहिंदेकडे सरकवली.

"घे, खा."

"माझी वाटीसुद्धा आधी तिच्यापुढे! उष्टं खाण्यातच जन्म गेला माझा."

"लाकूड कधी उष्टं करतं का गं?"

"मग लाकडाला वाढतेस कशाला, आई?"

आई हसली नाही. "तुला पोटभर मिळालंय, केहिंदे. तिला नाही मिळालं."

"पण थोरली मी आहे ना? जग कसं आहे ते बघून ये म्हणून तायवोला पोटातून पुढे मीच धाडलं होतं. साऱ्या गावात मागून आलेल्यालाच थोरलं मानतात. धाकटीला आधी वाढणारी तू एकटीच."

"बोल, बोल. ही जीभ कुणाची घेतलीस देव जाणे."

शेजारची मोरेनिके भिंतीपलीकडून ओरडली, "लाकडाची सवत बरी गं बाई, भांडत तरी नाही!"

मेलेल्या बहिणीचा हेवा करू नये, हे केहिंदेला कळत होतं. पण करत होती. तायवोच्या कमरेला मण्यांची माळ होती आणि तिचं एक टोक तुटून लोंबत होतं. लहानपणी केहिंदेने ते टोक गाठ मारून नीट करायला घेतलं, तेव्हा आईने तिच्या थोबाडीत दिली होती. उभ्या जन्मात आईचा हात उठला तो तेवढाच, आणि तोही तायवोपायी.

"उद्या ओफाला जाते," केहिंदे म्हणाली. "कापड विकायला."

आईची बोटं थांबली. "ओफाला? तिथे काय ठेवलंय? इथल्या बाजाराला काय धाड भरलीय?"

"दोन दिवसांत परत येते."

ओफाचं नाव निघालं की आई अशीच व्हायची. बाप तिथे रेल्वेच्या कामावर होता. जुळ्यांचा जन्म तिथलाच. तायवो तिथे गेली, बापही तिथेच गेला, आणि आई पाठीशी केहिंदे आणि पोटाशी लाकडी तायवो बांधून इलाला परतली. म्हातारीला अजून तायवोच आठवते, असं मनाशी म्हणत केहिंदेने वाटी बाजूला सारली. चवळी तशीच राहिली.

सकाळी आईचा डोळा लागला होता. केहिंदेने उशापासची बाहुली उचलली, तिच्या जागी फडक्यात मक्याचं कणीस गुंडाळून ठेवलं आणि लॉरी पकडली.

अशा बाहुल्या घडवणारा ओफाचा ओगुंदेजी आता फार म्हातारा झाला होता. आंब्याखाली बसून तो वाकसाने एक ओंडका तासत होता.

"बाबा, आईची बाहुली आणलीय. तोंड कोरून हवंय."

त्याने हात पुसून बाहुली घेतली. झिजलेल्या गालांवरून अंगठा फिरवला.

"हे तोंड मायेनं गेलंय, पोरी. अशा तोंडाला हत्यार लावायचं नसतं."

"लावा. आणि माझ्यासारखं कोरा." केहिंदेने आपलं तोंड त्याच्यापुढे केलं. "आईला दिसत नाही. ती दिवसभर हिच्या तोंडावरून हात फिरवते. माझ्या तोंडावरून कधी फिरवला नाही. निदान असा तरी फिरू दे."

म्हाताऱ्याने बाहुली उलटी केली, पायाखाली नख लावलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे, हे तर माझंच काम! रेल्वेवाल्याच्या घरचं."

"हो!" केहिंदे पुढे सरसावली. "ओळखलंत?"

"न ओळखायला काय झालं? ही खाच बघ. एक खाच म्हणजे तायवो, दोन खाचा म्हणजे केहिंदे. फार रडली होती गं तुझी आई. इथंच बसली होती, तू बसलीयस तिथं." त्याने माळेचं तुटकं टोक बोटांत धरलं. "ही माळ कुणी तोडली? दोघींच्या कमरेला मिळून एकच माळ बांधली होती तिने. तिकडे एकमेकींचा हात सुटू नये म्हणून."

"दोघींच्या?"

"देवीची साथ होती ना त्या साली. आईबाप गेलेली कितीतरी पोरं उघड्यावर पडली होती. आणि तुझ्या आईच्या दोन्ही पोरी एकाच आठवड्यात गेल्या. मी एकाच लाकडातून दोघी घडवल्या."

त्याने तिच्या मांडीवरच्या रिकाम्या गाठोड्यात डोकावून बघितलं.

"हिला एकटीलाच आणलंस? केहिंदे कुठाय?"