गुरुवारची तपासणी

पाण्याला उकळी फुटली तसा त्यांनी गॅस बारीक केला आणि चहाच्या गाळणीतली अंडी अलगद पाण्यात सोडली. अंडी कसली, शेंगदाण्याहून जरा मोठी इतकंच. घड्याळाकडे बघत त्यांनी पाच मिनिटं मोजली.

मग अंडी गार केली, पुसली, आणि फिंच पक्ष्यांची जोडी खाली दाणे टिपत होती तेवढ्यात चोरासारखी घरट्यात परत ठेवली.

चाळीस वर्षं त्यांनी चष्म्याच्या काचा घासल्या होत्या. नाजूक वस्तू हाताळताना त्यांची बोटं कधी थरथरत नसत. मन मात्र आज थरथरलं. 'म्हातारपणी बरे धंदे शिकलास,' ते स्वतःलाच म्हणाले.

बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. लेकीचा फोन रविवारी यायचा, आणि "गोळ्या घेता ना?"पासून "बरं, ठेवते"पर्यंत तीन मिनिटांत आटपायचा. म्हणून बाजारामागच्या गल्लीतल्या पक्षीवाल्या बाईंकडे ते जाऊ लागले. चार वेळा नुसत्या गप्पा मारून परत आले. पाचव्या वेळी, नुसतं किती दिवस बघायचं, असं वाटून त्यांनी जोडी मागितली.

या जातीत नर-मादी दिसायला सारखेच. बाईंनी मोठ्या पिंजऱ्यात हात घालून बराच वेळ लावून दोन पक्षी काढले. "हा गुबगुबीत तो नर," त्या म्हणाल्या. "पहिली पिल्लं निघेपर्यंत मी दर गुरुवारी येऊन तपासून जाईन. एकदा निघाली की तुमचं तुम्हाला जमेल. मग कुणी माझ्याकडे फिरकतसुद्धा नाही."

तपासणी पंधरा मिनिटांची, पण बाई दोन तास बसायच्या. चहा व्हायचा. बाईंचे गुडघे, यांचं पित्त, दोघांच्या गल्लीतली कुचकी माणसं, सगळ्यांचा समाचार घेतला जायचा. एकदा बाईंच्या चष्म्याची दांडी निघाली. त्यांनी ती तिथल्या तिथे बसवून दिली, आणि आठवडाभर त्याच आनंदात राहिले. बुधवारीच ते बिस्किटं आणून ठेवत. गुरुवारी दाढी दोनदा करत.

पहिल्यांदा अंडी दिसली तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "चला, पंधरा दिवसांत मी मोकळी!" आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या होत्या. त्या गेल्यावर त्यांनी कॅलेंडरवर उरलेले गुरुवार मोजले. दोनच. दुसऱ्या दिवशी सकाळी गाळणी बाहेर निघाली.

आजची ही तिसरी खेप होती.

गुरुवारी बाई आल्या, पिशवीतून छोटी बॅटरी काढली, आणि एकेक अंडं तिच्यासमोर धरलं. जीव धरला असेल तर आत तांबड्या शिरा दिसतात.

"नाहीच," बाई म्हणाल्या.

"असं का होत असेल?" त्यांनी साळसूदपणे विचारलं.

"तरुण आहेत हो अजून. होईल."

"नर गातो म्हणतात. हा तर चकार शब्द काढत नाही."

"लाजत असेल. पुरुषांत मुखदुर्बळ नसतात का?"

त्यांनी घाईघाईने चहाचं आधण ठेवलं.

पण त्या खेपेला एक गोष्ट झाली. पक्षी उठेचनात. पंधरा दिवस झाले, वीस झाले. एक खायला उतरला की दुसरा लगेच त्याच्या जागी बसायचा, आणि उकडलेली अंडी चोचीने उलटीपालटी करत, सगळ्यांना सारखी ऊब देत राहायचा. त्यांना बघवेना. आपण एकटे आहोत म्हणून या दोन जिवांना फसवायचं, हे कुठलं शहाणपण? त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. गाळणी त्यांनी कचऱ्यात टाकली.

चौथ्या खेपेला नऊ अंडी आली. त्यांनी एकालाही हात लावला नाही. एकेक दिवस जात होता, आणि आता थोडेच गुरुवार उरले, हे त्यांना कळत होतं. निरोप घेताना काय बोलायचं तेही त्यांनी आरशासमोर उभं राहून म्हणून पाहिलं.

गुरुवारी बाईंनी नऊच्या नऊ अंडी तपासली.

"नाहीच," त्या म्हणाल्या.

"असं कसं होईल?" ते खुर्चीतून उठलेच. "या खेपेला तर मी उकडली नव्हती!"

बाईंनी बॅटरी बंद केली.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी सगळं सांगून टाकलं. गाळणी, पाच मिनिटं, तिन्ही खेपा. "पिल्लं निघाली की तुम्ही यायच्या बंद होणार, म्हणून. सांगायला लाज वाटते. हवं तर जोडी परत न्या, मी तिच्या लायकीचा नाही."

"उकडलेलं अंडं मला ओळखता येत नाही होय?" बाई म्हणाल्या. "पहिल्याच खेपेला कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

बाईंनी एकेक अंडं घरट्यात परत ठेवायला घेतलं. त्यांचा चहा तसाच होता.

"पण ही तर चांगली होती," ते म्हणाले. "नऊपैकी एकात तरी जीव धरायला हवा होता!"

बाईंनी शेवटचं अंडं घरट्यात ठेवलं, पिंजऱ्याचं दार लावलं, आणि त्यांच्याकडे न बघताच म्हणाल्या, "कसा धरणार? दोन्ही माद्या आहेत. तुमच्यासाठी मी मुद्दाम तशाच काढल्या होत्या."