ओलं लाकूड

परसात बाभळीची वाळलेली लाकडं रचून ठेवलेली असताना रोहिणी रोज भाकरी टाकताना चुलीत एक ओलं लाकूड सारायची. त्याच्या टोकाला फेस येऊन ते फुरफुरायला लागलं, की तव्यावरची भाकरी विसरून ऐकत बसायची. आज धुराने सासूचे डोळे चुरचुरले, तशी दगूबाई ओसरीवरून उठून आत आली.

"कोरडं इतलं पडेल शे, मंग हाई वलं कसाले घालस?"

"चूल फुरफुरनी का पाव्हना येस, आसं तुम्हीच सांगेल व्हतं, आत्याबाई."

"कोन पाव्हना येई ऱ्हायना आपलाकडे?"

रोहिणीने ओलं लाकूड आणखी आत सारलं. तिचा नवरा नवल सुरतेला साड्यांच्या कारखान्यात होता. दर सणाला फोनवर 'येतो' म्हणायचा आणि यायचा नाही. दगूबाईच्या ध्यानात आलं, तशी ती सुनेजवळ खाली बसली.

"मन्हा नवल काय पाव्हना शे का, येडी? तो तं घरना मानूस."

रोहिणीने करपलेली भाकरी उलटली.

"घरना मानूस येत नही, आत्याबाई. पाव्हना म्हनीसन तरी येवू द्या."