संदेष्ट्याचा राग

धाकटा भाऊ आल्याचं कळलं, तेव्हा डॉक्टर माशाच्या पोटात होते. म्हणजे गोष्ट तिथवर आली होती. दर शनिवारी संध्याकाळी दवाखाना आटोपला की बाहेरच्या बाकांवर सात-आठ माणसं जमत आणि दाताचे डॉक्टर त्यांना हिब्रू शास्त्र, म्हणजे ज्यूंचा जुना धर्मग्रंथ, वाचून समजावून सांगत. विषय नेहमी एकच: माणूस आतून मोठा कसा होतो. दिवसभर तोंडात कापूस धरलेल्या लोकांशी बोलून बोलून आपण फार मुद्देसूद बोलतो असा आपला गैरसमज झालाय, असं ते स्वतःच सांगत आणि मग तासभर बोलत.

बायको जिन्याच्या दारातून म्हणाली, "जरा वर या. भाऊजी आलेत."

घर दवाखान्याच्या वरच होतं. आईच्या खोलीत धाकटा पलंगाच्या कडेला बसून तिचे केस विंचरत होता. आई अंथरुणाला खिळल्यापासून तो फिरकला नव्हता. पुढेपुढे दादाचा फोनही उचलेनासा झाला. आईला कुशीवर वळवणं, भरवणं, पुसणं, सगळं डॉक्टर आणि त्यांची बायको करत आले होते. धाकट्याला सुनवायचं भाषण डॉक्टरांनी मनात इतकं घोटलं होतं की त्यात दोन हिब्रू शब्दही बसवले होते. निदान आई तरी त्याला फैलावर घेईल, असं त्यांना वाटलं.

आई म्हणाली, "दमून आलाय रे तो. तुझी उशी दे त्याला."

डॉक्टरांनी उशी दिली. दिली म्हणजे जवळजवळ फेकलीच. आणि खाली आले.

गोष्ट पुढे सरकली. देवाने एका संदेष्ट्याला, म्हणजे आपला निरोप पोचवणाऱ्या माणसाला, सांगितलं होतं, त्या पापी शहरात जा आणि सांग, तुमचा नाश होणार आहे. तो पळाला, समुद्रात पडला, माशाने गिळला, सुटला आणि शेवटी नाइलाजाने गेला. शहराने चूक कबूल केली. देवाने माफ करून टाकलं. आणि संदेष्टा रागावून शहराबाहेर जाऊन बसला.

"हिब्रूत राग येत नाही, राग जळतो," हे डॉक्टरांचं आवडतं वाक्य. आज ते म्हणताना त्यांचे कान तापले.

पुढच्या बाकावरच्या निवृत्त नर्सबाईंनी विचारलं, "सगळे वाचले, मग याला राग कशाचा आला?"

एरवी डॉक्टर म्हणत, 'अपरिपक्वता'. आज भलतंच निघालं. "माशाच्या पोटात हा राहिला. उन्हातान्हात हा हिंडला. आणि माफ करताना याला कुणी विचारलंसुद्धा नाही."

"काय सुरेख अर्थ लावलात," नर्सबाई म्हणाल्या. आत जळफळाट चाललेला आणि तरी या कौतुकाने आपल्याला गुदगुल्या झाल्या, हे डॉक्टरांना कळलं. मोठं होण्याच्या शाळेत ते अजून बालवाडीत होते, तेही मास्तर म्हणून.

वर्ग संपला. भाषण ओठांवर घेऊनच ते वर आले. धाकटा खुर्चीत बसल्याबसल्या झोपला होता. डॉक्टरांनी घसा खाकरला.

"हळू," आई म्हणाली. "मीच बोलावलंय त्याला. सूनबाईला फोन लावायला सांगितला. माझी ही दशा बघवेना म्हणून आधी पळाला, मग तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. म्हणाला, दादा दारात उभं करणार नाही. मी म्हटलं, तू ये. दादा काही बोलणार नाही."

"हे तू कशाच्या जोरावर सांगितलंस?"

"खालचं सगळं वर ऐकू येतं मला. दर शनिवारी पडल्या पडल्या ऐकते." आई कौतुकाने त्यांच्याकडे बघत होती. "इतकं छान सांगतोस. मला वाटलं, तुझं झालं असेल मोठं होऊन."

भाषणातला एकही शब्द, मराठी नाही की हिब्रू नाही, डॉक्टरांना आठवेना.

"व्हायचंय अजून," ते म्हणाले, आणि त्यांनी धाकट्याच्या अंगावर चादर घातली.