काकांची पाठ

सुरतेत प्लेग पसरल्याच्या बातमीने तिथल्या नवागाम वस्तीतली बिऱ्हाडं एका ट्रकमध्ये दाटीवाटीने बसून धुळ्याकडे निघाली होती. कोणाला ताप आहे असं कळलं की ड्रायव्हर त्याला घरच्यांसकट रस्त्यातच उतरवत होता. कामरेजला गाडी बंद पडली.

पुढचा बंपर तुटून गेलेला, पाय ठेवायला काही नाही, त्यामुळे एवढ्या उंच गाडीच्या इंजिनापर्यंत त्यांच्यातल्याच मेकॅनिक वाल्मिकचा हात पोचेना. जागा जाईल म्हणून कोणी खाली उतरेना. शेवटी म्हातारे शालिग्रामकाका उठले. त्यांच्या मांडीवर झोपलेल्या वाल्मिकच्या मुलीला, योगिताला, त्यांनी आपल्या अंगावरची शाल पांघरली आणि खाली उतरून बॉनेटपुढे ओणवे झाले.

"मनी पाठवर चढ, भाऊ," ते वाल्मिकला अहिराणीत म्हणाले.

वडीलधाऱ्यावर पाय द्यायचा, म्हणून वाल्मिकने चपला काढल्या, हात जोडले आणि चढला. अनवाणी तळव्यांना बनियनमधून चटका बसला. काका तापाने फणफणले होते.

"कोणाला बोलू नको," ते खालून पुटपुटले.

सुटलेली वायर जोडून वाल्मिक उतरला, ड्रायव्हरला "चालू कर" म्हणाला आणि मागच्या फाळक्यावरून गाडीत चढला.



काकांच्या शालीत झोपलेल्या योगिताच्या कपाळाकडे नेलेला हात त्याने न टेकवताच मागे घेतला.