चारशे बारा पार्ट आणि एक डबा हळद

"ह्या कपाटात नाही असा पार्ट अख्ख्या जर्मनीत नाही!" हेर क्रूझे, म्हणजे क्रूझेसाहेब, म्हणाले, आणि त्यांनी कपाटाला कौतुकाने एक थाप मारली.

कपाट लोखंडी होतं. आत चारशे बारा पार्ट, प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाला लेबल. खाली चार चाकं. चाकं ही हेर क्रूझेंची स्वतःची कल्पना. रेसिंग टीमही त्यांचीच, त्यामुळे कल्पनेला कोणी नावं ठेवली नव्हती.

कपाट ट्रकमधून फळीवरून अर्धंच उतरलं होतं. थापेसरशी उरलेलं ते आपलं आपण उतरलं. समोर टीमची हिरवी गाडी उभी होती. कपाटाचा कोपरा जाळीतून आत घुसला, रेडिएटरला भोक पडलं, आणि मग कपाट सावकाश, जरा विचार करून, बाजूला तोंडावर आडवं झालं.

जादाचा रेडिएटर कपाटात होता. नंबर दोनशे सात. कपाटाची दारं जमिनीकडे होती. सहा मेकॅनिकनी जोर लावला. त्यांच्यातल्या ओटोची पँट फाटली. कपाट हललं नाही. शर्यत सुटायला चाळीस मिनिटं होती.

आत्माराम स्टॉपवॉच धरून उभा होता. सहा महिने तो तेच धरून उभा होता. श्टुटगार्टला तो पीएच.डी. करत होता, विषय उष्णतेचा. टीममध्ये हाताने काम केल्याची बेशाइनिगुंग, म्हणजे सही-शिक्क्याचा दाखला, सोमवारी व्हिसाच्या ऑफिसात दिली नाही तर त्याला आणि त्याच्या बायकोला, वसुधाला, मुंबईची बोट पकडावी लागणार होती. आणि हेर क्रूझे सही करत नव्हते. "तू गाडीला हात कुठे लावलास?" म्हणायचे. लावू तेच देत नव्हते.

"हेर क्रूझे, मी गळती थांबवतो," आत्माराम म्हणाला.

"कशाने?"

"हळदीने."

हेर क्रूझेंनी आडव्या कपाटाकडे बघितलं. मग घड्याळाकडे. "आल्झो, बरं तर," ते म्हणाले, "गाडी शेवटपर्यंत पोचली तर आजच सही. नाही पोचली तर स्टॉपवॉच परत कर आणि घरी जा."

टीमचा आचारी आजारी होता, म्हणून त्या दिवशी वसुधा तंबूत बटाट्याची भाजी करत होती. आत्मारामने थेट हळदीच्या डब्यालाच हात घातला.

"अहो! सासूबाईंनी सांगलीहून बोटीने पाठवलीय ती!"

"अगं, रेडिएटर फुटलाय. दिनकरमामांची सर्व्हिस मोटार अशीच तर चालते. गरम पाण्यात हळद फुगते आणि भोकात जाऊन बसते."

"मामा दोन चमचे घालतात. मी बघितलंय."

"मामांची मोटार तासगावला जाते. ही सहा तास पळणार आहे."

"निदान थोडी ठेवा हो. कोणाला लागलं-खुपलं तर?"

"आज कोणाला काय लागतंय!" आत्माराम म्हणाला, आणि डबा घेऊन पळाला.

त्याने सगळी हळद ओतली. डबा वरून ठोकला, कडेची पण पाडली. गळती थांबली. ओटोने बोट लावून बघितलं, मग बोट चाटून बघितलं, आणि भाजी कधी होणार म्हणून विचारलं.

गाडी पळाली. तीन तास ती हळदीचा वास सोडत अशी पळाली की वळणावरचे लोक भूक लागली म्हणून उठून जायला लागले.

मग ती पेट्रोलला थांबली. पाणी तपासायचं होतं. आत्मारामने हात पुढे केला.

"तू नाही," हेर क्रूझे म्हणाले. "झाकण मीच उघडतो. टीममध्ये तसा नियम आहे."

त्यांनी उघडलं. पिवळं कारंजं सरळ वर गेलं, छपराच्या पत्र्याला लागलं, आणि बऱ्यापैकी गार होऊन पावसासारखं खाली आलं. त्याखाली हेर क्रूझे होते, पांढऱ्या कोटात.

"अहो," वसुधा हळूच म्हणाली, "ह्यांना हळद लागली. आता लग्न लावून द्यावं लागेल."

"हसू नकोस. सही व्हायचीय."

ओटोने नवीन पाणी भरलं. हळद भोकात घट्ट बसली होती, ती काही निघाली नाही. गाडी शेवटपर्यंत पळाली आणि तिसरी आली.

हेर क्रूझेंनी आत्मारामला मिठी मारली. आत्माराम पुढून पिवळा झाला. "इंडियन इंजिनिअर!" ते ओरडले. "आण तो कागद! शिक्का कपाटात आहे, नंबर चारशे बारा!"

शेजारच्या टीमची क्रेन आणून कपाट उभं केलं. ट्रकला जवळजवळ टेकूनच केलं, मध्ये वीतभर जागा, म्हणजे फार हलायला नको. हेर क्रूझेंनी शिक्का काढला, कागदावर मारला, पेन उघडलं. डावा हात कपाटावर, उजवा ट्रकच्या कडेवर.

"एवढ्या वरून पडलं आणि एक लेबलसुद्धा निघालं नाही!" ते म्हणाले, आणि त्यांनी कपाटाला कौतुकाने एक थाप मारली.

कपाट ट्रककडे वीतभर सरकलं. उजवा हात मध्ये होता.

हाड मोडलं नाही. बोटं मात्र भाजीतल्या बटाट्यांएवढी झाली. पेन धरवेना, आणि डाव्या हाताने केलेली सही व्हिसाचं ऑफिस मानत नव्हतं.

"घाबरू नका, हेर क्रूझे," आत्माराम म्हणाला. "मुका मार आहे. आमच्याकडे ह्यावर गरम हळदीचा लेप लावतात. उद्या सकाळी सूज गेलेली असेल, तुम्ही सही कराल. वसुधा, हळद दे."

वसुधाने डबा दिला. आत नुसता चमचा होता.