टाके धरेपर्यंत

“सासूबाईंना आत सोडू नका,” शुद्धीवर येताच सुनेनं सांगितलं होतं. नर्सनं ते दारातच ऐकवलं आणि दार ओढून घेतलं. सासूबाई हातातल्या डब्यासकट बाकावर बसल्या. आजवर त्यांना दारात अडवायची कुणाची छाती झाली नव्हती.

घरची पावाची भट्टी. पिठाच्या पोत्यांची थप्पी कोसळली ती नेमकी सुनेच्या पोटावर. आत प्लीहा फाटली. सर्जन म्हणाले, पूर्वी अशी प्लीहा सरळ काढून टाकायचे. पण ती शरीराची राखण करते, रोगांशी लढते, म्हणून टाके घालून, विरघळणाऱ्या जाळीत गुंडाळून जागच्या जागी ठेवलीय. आता पोटाला हिसका बसता कामा नये. टाके सुटून पुन्हा रक्त वाहिलं, तर मात्र काढावीच लागेल.

“पोटातही राखणदार असतो होय,” सासूबाई मुलाला म्हणाल्या. “मला वाटलं, या घराण्यात ते काम मी एकटीच करते.”

मुलगा हसला नाही. “आई, तिला जरा शांत पडू दे. तुझी जीभ म्हणजे पाव कापायची सुरी.”

लागलं ते त्यांना. पण खोटं काय होतं? लग्न होऊन आल्यापासून त्यांनी सुनेला टोचायचं बाकी ठेवलं नव्हतं. एकदा पाव बसले, तर सगळ्या कामगारांसमोर विचारलं, हे विकायचेत की रचून भिंत बांधायचीय? सून उलट एक शब्द बोलायची नाही. तोंड फिरवून नळ सोडायची. पाठमोरे खांदे हलत राहायचे. परत यायची ती डोळे लाल करून. सासूबाईंना ते दिसायचं, तरी जिभेला लगाम बसायचा नाही.

आता त्या रोज सूप आणायच्या, बाकावर बसायच्या आणि आतून रिकामा डबा यायचा. बातम्या चांगल्याच होत्या. ताप नाही, रक्तस्राव नाही. भट्टीवर मुलगा पाव जाळत नव्हता, हेही काही कमी नव्हतं. सुखानं सुस्कारा सोडून सासूबाई पुन्हा घोकायला लागायच्या: गोड बोलायचं. मेलं तरी गोडच बोलायचं.

एका सकाळी सर्जन बाहेर आले ते हसतमुखानंच. टाक्यांनी धरलं होतं, प्लीहा आपलं काम करत होती. “जा आत. तिनंच बोलावलंय.”

सून पलंगावर टेकून बसली होती. गालफडं बसलेली. सासूबाईंच्या ओठांवर घोकलेलं सगळं तयार होतं, आणि तोंडातून निघालं भलतंच.

“पिठाखाली झोपायची एवढी हौस होती तर आधी सांगायचंस. चिमूटभर यीस्ट टाकलं असतं, जराशी फुगली तरी असतीस.”

सुनेनं भिंतीकडे तोंड फिरवलं. खांदे हलायला लागले. सासूबाईंनी जीभ चावली. इथं सोडायला नळही नव्हता. त्या पुढे झाल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तिला खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं.

सून उशी पोटाशी घट्ट दाबून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती.

“हसायची परवानगी आजच मिळालीय, आई,” ती कशीबशी म्हणाली. “आता साठलेले सगळे टोमणे काढा.”