न जोडलेल्या रेघा

मनकर्णानं बैलाच्या शेपटीखालची रेघ मुद्दाम जोडली नाही. खसखशीएवढी जागा सोडली, पेनाला टोपण लावलं आणि कागद अरीबाच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"घे. तुझा बैलबाजार."

"वा काकू, काय बैल आहे!" अरीबा म्हणाली आणि कागद स्कॅनरमध्ये घातला.

कौतुक ऐकून मनकर्णाला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. राजापेठेतल्या या दीड खोलीच्या दुकानात ती एकोणीस वर्षं गोष्टींच्या पुस्तकांची चित्रं काढत होती. तीन वर्षांपूर्वी संगणकावर रंग भरायला ही पोरगी आली. तेव्हापासून दारातून आत येणारा माणूस सरळ तिच्या स्क्रीनपाशी जायचा. 'काय चित्र काढलं वो ताई!' म्हणे काढलं! अरीबाला साधं मांजर काढता येत नव्हतं. एकदा काढलं, तर दुकानाचे मालक ललितभाऊ म्हणाले होते, "आलूले मिशा काहून लावल्या?" पण रंग चढला की चित्र तिचं.

बघून बघून मनकर्णाला एक गोष्ट कळली होती. रेघ सगळीकडून जोडलेली असली, की संगणकातल्या बादलीनं ओतलेला रंग आतच थांबतो. कुठं एवढीशी जागा राहिली की बाहेर पळतो. म्हणून आज तिनं चार जागा सोडल्या होत्या. बैलाची शेपटी, बंडीचं चाक, एका बाईचा पदर, कोंबडीचा पाय. तिला फार काही नको होतं. पोरीनं एकदा, फक्त एकदाच, सगळ्यांसमोर बोलणी खावीत.

अरीबानं बैलात तपकिरी रंग ओतला. बैलासकट रस्ता आणि आभाळ तपकिरी झालं.

"हे काय करून राहिली बाई तू?" ललितभाऊ खेकसले. "अकोल्याहून संघपाल सरचा तिसरा फोन आहे. चारले मुखपृष्ठ नाही पोचलं तं पुस्तक दुसऱ्याले देतो म्हणते!"

"माह्याकडून झालं, भाऊ. अर्धा घंटा द्या."

झालं. खाल्ली बोलणी. मनकर्णा कोऱ्या कागदावर खोडरबर फिरवत राहिली. पोरीनं तिच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही. आता तर मनकर्णाला तिच्या चांगुलपणाचाही राग आला. हेसुद्धा हिलाच जमावं!

शेवटी ती उठली. अरीबाच्या शेजारी जाऊन हळूच म्हणाली, "शेपटीखाली पाह्य."

"पाह्यलं, काकू." अरीबानं चित्र एवढं मोठं केलं होतं की ती खसखस आता दरवाजाएवढी दिसत होती. "हात चुकला तं रेघ हालते. हे हालली नाही. थांबली."

मनकर्णानं बाजूचं स्टूल ओढून घेतलं.

"बाकीच्या कुठी कुठी आहेत, तेवढं सांगा. टाइम नाही."

मनकर्णानं सांगितल्या. चाक. पदर. कोंबडी. अरीबा संगणकाला जोडलेल्या पाटीवर पेन फिरवत स्क्रीनवर एकेक जोडत गेली. चारही झाल्या. बैल तपकिरी झाला आणि तपकिरीच राहिला. मग तिनं बाजारातल्या मुलीच्या, एका बाजूनं दिसणाऱ्या चेहऱ्यात गव्हाळ रंग ओतला.

आभाळ गव्हाळ झालं.

"अजून एक आहे, काकू. सांगा ना."

"नाही. चारच."

"मंग रंग कुठून पळून राहिला?"

"तुले सांगतलं ना एकडाव? चारच!"

अरीबा चेहरा मोठा करत गेली. कपाळ, नाक, ओठ. कपाळापासून हनुवटीपर्यंतची ही रेघ मनकर्णा नेहमी एका दमात ओढायची, पेन न उचलता. सकाळीही तशीच ओढली होती. हनुवटीपाशी ती सुटली होती. सुटण्याआधी जराशी हालली होती.

मनकर्णानं चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा लावला.

"इथं मी नव्हती सोडली," ती म्हणाली.

अरीबानं पटकन हनुवटी जोडून टाकली.

"स्कॅनरनं खाल्ली असंन, काकू," स्क्रीनवरची नजर न काढता ती म्हणाली.